सदतीस फुटांमागे एक फूट

१८५८ च्या जून महिन्यात खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाचा प्रवास तीन तुकड्यांचा होता. बोरीबंदरला आगगाडीत बसायचे आणि कल्याण, पळसदरी करत खोपोलीला उतरायचे. तिथून पालखी, तट्टू, बैलगाडी, ज्याच्या खिशाला जे परवडेल ते घेऊन बोरघाट चढायचा. वर खंडाळ्याला दुसरी आगगाडी उभी असे, तिच्यात बसून पुणे गाठायचे. डोंगराच्या दोन्ही अंगांना रूळ येऊन थांबले होते आणि मधल्या डोंगरात सुरुंग उडत होते.

घाटाची वाट नवी नव्हती. १८०४ मध्ये ब्रिटिश सेनानी वेलस्लीने ती लष्करासाठी सुधारली होती आणि १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला होता. त्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीवानाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नव्हती. चढताना बैल दमतात, पण जीव धोक्यात येतो तो उतरताना. भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागली की बैल काही करू शकत नाहीत, चाकालाच अडण घालावी लागते. बोरघाटातल्या रेल्वेचा इतिहास सांगताना मात्र आपण सहसा चढण्याची गोष्ट सांगतो. बोगदे किती, पूल किती, खडक किती फोडला. त्या आकड्यांत रस आहेच, पण घाटाने इंजिनिअरांची खरी परीक्षा घेतली ती गाडी खाली आणताना, आणि ती परीक्षा पुढे साठ-सत्तर वर्षे चालली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली यांच्यापुढे हिशेब असा होता. घाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर, माथा २,०२७ फुटांवर. म्हणजे १,८३१ फूट चढायचे. चढ मंद ठेवावा तर मार्ग लांबतो आणि सह्याद्रीच्या कड्यांवर लांब मार्गाला जागा नाही. मार्ग आखूड करावा तर चढ असा होतो की इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहतील. शेवटी जो मार्ग ठरला तो पावणेसोळा मैलांहून किंचित अधिक लांबीचा, सरासरी दर ४६ फुटांमागे १ फूट चढणारा. सगळ्यात खड्या टप्प्यात हे प्रमाण ३७ फुटांना १ फूट होते. युरोपात याहून खडा मार्ग नव्हता असे नाही. जिनोव्हाजवळच्या जिओव्ही घाटात इंजिने २८ फुटांना १ फूट चढत होती, ऑस्ट्रियातला सेमरिंगचा मार्ग ४० ला १ होता. दोन्ही मार्ग नुकतेच, १८५४ च्या आसपास सुरू झाले होते. म्हणजे बर्कली अशक्य काही मागत नव्हते. जे जेमतेम शक्य ठरले होते, ते मात्र ते चार महिन्यांच्या कोकणी पावसात मागत होते.

३७ ला १ हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. तो चढ पायी चढताना दमही लागत नाही. पण त्याचा अर्थ असा की रुळावर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला सतत खाली ओढत असतो. शंभर टनांच्या गाडीला ही ओढ पावणेतीन टनांच्या जवळपास. सपाटीवर तीच गाडी हलती ठेवायला त्या काळी अर्ध्या टनाहून कमी जोर पुरे. म्हणजे घाटात शिरताच इंजिनाचे काम सहा-सात पटींनी वाढते आणि इंजिन तेच असते.

बरे, नुसती वाफेची ताकद वाढवून भागत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर पकड घेते ती आपल्या वजनाच्या ठरावीक हिश्श्याइतकीच. कोरड्या रुळावर साधारण पाचवा भाग, ओल्या रुळावर त्याच्या निम्मासुद्धा मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक घसरून नुसते गरगरते. म्हणून घाटाची इंजिने मुद्दाम जड केली, पाण्याची टाकी मागच्या टेंडरवर न ठेवता इंजिनावरच लादली, म्हणजे पाण्याचे वजनही ओढणाऱ्या चाकांवर पडेल. पावसाळ्यात रुळांवर वाळू टाकत जायचे. एरवी वस्तुमान हे ओझे. घाटात इंजिनाचे वस्तुमान हीच त्याची पकड, असा हा उलटा मामला.

आणि एका इंजिनाने काम भागत नाही तेव्हा दुसरे मागे लावायचे, पुढे नव्हे. यामागे गाडीवानाची अक्कल आहे. सगळी इंजिने पुढे जोडली तर साऱ्या गाडीची ओढ पहिल्या डब्याच्या साखळीवर येते, ती तुटली की मागचे डबे सुटलेच. मागून ढकलणारे इंजिन साखळीवरचा ताण कमी करते आणि साखळी तुटलीच तर मागे आधारही राहतो. या मागच्या इंजिनाला रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. गाडी कर्जतला उभी राहते ती बँकर लावायला. प्रवाशांना तो थांबा बटाटेवड्यासाठी आहे असे वाटत आले, ते अगदीच खोटे नाही.

बांधकामाला १८५६ च्या जानेवारीत सुरुवात झाली. कंत्राटदार होता विल्यम फॅव्हिएल. डोंगराची धार इतकी उभी होती की काही ठिकाणी मजुरांना वरून दोर बांधून कड्यावर सोडावे लागे. लोंबकळत ते सुरुंगाची भोके पाडत, दारू ठासत आणि वर ओढून घेतले जात. पटकी आणि तापाने तळ ओस पडत. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत कामगार उठले, दंगल झाली, आणि त्यानंतर दोन महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच वर्षाअखेरीस नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारला. काम त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने चालवले, प्रत्यक्ष देखरेखीला दोन अनुभवी इंजिनिअर नेमून. व्हिक्टोरियाच्या काळात एका बाईच्या नावावर एवढे मोठे कंत्राट पुरे व्हावे, याची दखल आपल्याकडे फार उशिरा घेतली गेली. १८६१ मध्ये घाटावर ४२,००० माणसे राबत होती. त्यांतली कितीतरी तिथेच राहिली, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. घाटाच्या लोककथेत मात्र एक नाव टिकले आहे, शिंगरोबाचे. साहेबाला वाट दाखवणाऱ्या या धनगराला साहेबानेच गोळी घातली अशी आख्यायिका आहे, आणि जुन्या हमरस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी अजून गाड्या थांबतात, चालक नाणे टाकून पुढे जातात.

एक अडचण मात्र माणसांच्या संख्येने सुटणारी नव्हती. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की गाडीला वळसा घ्यायला जागाच नव्हती. बर्कलींनी तिथे रिव्हर्सिंग स्टेशन घातले. खालून येणारी गाडी एका बंद टोकाच्या रुळात शिरायची, थांबायची, आणि मग उलट्या दिशेने, शेपटाकडून वर चढायची. इंग्रजी व्ही अक्षर काढावे तशी वाट. चढणाऱ्या गाडीला यात थोडा वेळ जाई, इतकेच. उतरणाऱ्या गाडीला मात्र हे स्टेशन ही अट होती. खंडाळ्याहून उतार उतरत आलेली गाडी इथे थांबलीच पाहिजे, कारण पुढे रूळ संपतात आणि त्यापलीकडे दरी आहे.

बर्कलींनी स्वतः हा मार्ग चालू झालेला पाहिला नाही. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल ओलांडून गाड्या धावू लागल्या आणि पालख्यांचा धंदा बसला.

आता उतरणीकडे येऊ. ३७ ला १ च्या उतारावर ब्रेक नसलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, सोडून दिली तर तिचा वेग दर सेकंदाला जवळपास पाव मीटरने वाढतो. त्या काळच्या चाकांचे घर्षण जमेस धरले तरी. ऐकायला ही वाढ क्षुल्लक वाटते. पण एका मिनिटाने वाघीण ताशी ४८ किलोमीटरवर असते, दुसऱ्या मिनिटाअखेर ९५ च्या पुढे. असा दीड मैलाचा सलग उतार मिळाला तर तळाशी पोहोचताना वेग शंभरच्या वर गेलेला असतो. न्यूटनने १६८७ मध्ये जे लिहून ठेवले होते त्यात नेमके हेच आहे. जोर लहान असला तरी तो सतत लागत राहिला तर वेग साठत जातो. पेचाची जागा ‘सतत’ या अटीत आहे. माणसाला जोर दिसतो, साठणारा वेग दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना चकवते. रिकामी वाघीण आणि धान्याने भरलेली वाघीण या उतारावर सारख्याच वेगाने सुटतात. जड वाघिणीला ओढ जास्त, पण तिला हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो, म्हणून वस्तुमान दोन्हीकडून गळून जाते. मग घाटात जड गाडीचीच धास्ती का? कारण ब्रेक. १८६० च्या दशकात ब्रेक गाडीच्या प्रत्येक चाकाला नव्हते. इंजिनावर होते आणि ब्रेक व्हॅनमध्ये होते. तिथे गार्ड हाताने चाक फिरवून लाकडी किंवा लोखंडी ठोकळे चाकांवर आवळायचा. इंजिन ड्रायव्हर शिटी देऊन त्याला आवळायला सांगायचा. समजा मागे दहा दहा टनांच्या पंधरा वाघिणी आहेत. त्यांना खाली ओढणारा जोर चार टन. एका दहा टनी ब्रेक व्हॅनची चाके आवळून आवळून अगदी कडेलोटापर्यंत नेली तरी ती दीड-दोन टनांपेक्षा जास्त विरोध करू शकत नाही. म्हणजे नुसता वेग वाढू न देण्यासाठी दोन-तीन ब्रेक व्हॅन हव्यात, गाडी थांबवायची तर त्याहून जास्त. पंधराच्या वीस वाघिणी झाल्या की सगळे गणित बिघडले. ओढणारे वस्तुमान सगळ्या गाडीचे, अडवणारे वस्तुमान फक्त ब्रेक असलेल्या डब्यांचे, ही ती विषमता होती.

दुसरी विषमता वेगाची. वेग दुप्पट झाला की चालत्या गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते, म्हणून त्याच ब्रेकला गाडी थांबवायला चौपट अंतर लागते. म्हणून घाटात गाडी थांबवायची कला म्हणजे ती पळू न देण्याची कला. ताशी पंधरा मैलांवर असताना ड्रायव्हर चुकला तर सावरायला जागा असते. तीस मैलांवर तीच चूक झाली तर सावरायला लागणारे अंतर घाटात नसते.

१८६९ च्या जानेवारीत हे घडले. उतरणारी एक गाडी ताब्याबाहेर गेली, रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबू शकली नाही आणि बंद टोकाची अडण फोडून पुढे गेली. माणसे दगावली. स्टेशनची जागा पाहिली तर हा अपघात कधी ना कधी होणारच होता असे वाटते. ज्या ठिकाणी सर्वांत खात्रीने थांबायला हवे, ते ठिकाण उताराच्या शेवटी ठेवलेले होते. बर्कलींना दोष देणे सोपे आहे, पण डोंगराने त्यांना दुसरी जागा दिली नव्हती.

घाटात याला उत्तर म्हणून जी व्यवस्था रुजली ती मला त्या सगळ्या बोगद्यांपेक्षा जास्त हुशारीची वाटते. ती म्हणजे कॅच साइडिंग. उताराच्या मुख्य मार्गाला जागोजागी एक फाटा काढलेला असतो. हा फाटा खाली जात नाही, वर चढतो. आणि सांधा नेहमी या फाट्याकडेच लावून ठेवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने सांध्याअलीकडे पूर्ण थांबायचे. ती खरोखर थांबली, म्हणजे तिचे ब्रेक ठीक आहेत, हे पटल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवला जातो. जी थांबू शकत नाही ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग जिरतो.

यात कुठलाही ब्रेक नाही, यंत्र नाही. गुरुत्वाने दिलेला वेग गुरुत्वालाच परत करायचा. ताशी ४० किलोमीटरने आलेली गाडी साधारण सव्वासहा मीटर उंची चढून थांबते, ८० ने आली तर पंचवीस मीटर लागतात. पुन्हा तोच वर्गाचा हिशेब. यातही गंमत अशी की गाडी वीस टनांची असो की पाचशे टनांची, उंची तितकीच लागते. ब्रेकसमोर जी विषमता होती, ती इथे उरत नाही. कारण इथे अडवणारा जोर गाडीच्या प्रत्येक कणावर सारखा लागतो.

हीच समता ब्रेकमध्ये आणायची, तर ब्रेक प्रत्येक चाकाला हवा. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकनाने १८६९ मध्ये दाबलेल्या हवेच्या ब्रेकचा शोध लावला. पण त्याच्या पहिल्या रचनेत हवेची नळी तुटली की ब्रेक निकामी होत. १८७२ मध्ये त्याने तो उलटा केला. नळीत हवेचा दाब असतो तोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की ते आपोआप लागतात. गाडी मध्येच तुटली तर दोन्ही तुकडे स्वतःच थांबतील. भारतात पुढे दीर्घकाळ निर्वाताचा, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक चालला. तत्त्व तेच, फक्त दाबाऐवजी पोकळी.

ब्रेक लागतो म्हणजे नेमके काय होते, हे मात्र तोवर कुणी नीट मोजले नव्हते. ते १८७८ मध्ये कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी इंग्लंडच्या ब्रायटन मार्गावर, वेस्टिंगहाऊसच्या मदतीने मोजले. दोन निष्कर्ष निघाले आणि दोन्ही रेल्वेवाल्यांच्या समजुतीच्या विरुद्ध होते. पहिला, चाक जितके वेगाने फिरते तितकी लोखंडी ठोकळ्याची पकड कमी होते. म्हणजे जिथे ब्रेकची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो सर्वांत दुबळा. दुसरा, चाके आवळून पूर्ण जाम केली की गाडी लवकर थांबत नाही, उलट जास्त घसरत जाते. फिरते चाक रुळाला जास्त चांगले धरते. बोरघाटातल्या ब्रेक व्हॅनमध्ये घाबरून चाक शेवटच्या आट्यापर्यंत फिरवणारा गार्ड गाडी वाचवायच्या धडपडीत उलट तिची पकड घालवत असला पाहिजे. हा निष्कर्ष सांगायला कुणी घाटात आले असेल का, असा विचार मनात येतो.

आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे व्हायला मात्र आणखी एक दुर्घटना लागली. ती इकडे नाही, आयर्लंडमध्ये झाली. १२ जून १८८९ ला आर्मा गावाहून मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी ७५ ला १ च्या चढावर अडली. इंजिनाला सगळी ओढवेना, म्हणून मागचे डबे सोडले आणि चाकांना दगडांची उटी लावली. पुढचा भाग हलताना जरासा मागे सरकला, त्या धक्क्याने दगड चिरडले, आणि सुटलेले डबे मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. आर्माचा उतार बोरघाटाच्या निम्म्याने होता, हे लक्षात घेतले म्हणजे घाटातल्या माणसांनी रोज काय सांभाळले याचा अंदाज येतो.

विसाव्या शतकात वीज आली आणि घाटाचे रूप पालटले. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, त्याच सुमारास रिव्हर्सिंग स्टेशन टाळून नवे बोगदे खोदले गेले आणि ते धोक्याचे टोक वापरातून गेले. १९२८ मध्ये आलेली मालगाड्यांची नवी विजेची इंजिने साधारण २,६०० अश्वशक्तीची आणि सव्वाशे टनांची होती. रेल्वेतले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली आणि मुंबई-पुणे प्रवास तीन तासांच्या आत आला.

पण खेकड्याचा मोठा गुण त्याच्या ताकदीत नव्हता. उतरताना त्याच्या मोटारी उलट्या वापरता येत. चाके मोटारी फिरवत, मोटारी वीज तयार करत आणि ती वरच्या तारेत परत जात असे. वीज तयार करायला जोर लागतो, तोच जोर गाडीला अडवून धरतो. पाचशे टनांची गाडी घाटाच्या माथ्यावरून पायथ्याला आली म्हणजे तिने सुमारे ७६० युनिट विजेइतकी ऊर्जा सोडलेली असते. वाफेच्या काळात ती सारी ठोकळ्यांत आणि चाकांत तापून जायची. ठोकळे झिजायचे, चाके तापायची, आणि तापलेला ठोकळा आणखी सैल धरायचा. आता तीच ऊर्जा तारेतून, त्याच वेळी समोरून चढत असलेल्या गाडीला मिळू लागली. खाली येणारी मालगाडी वर जाणारीला हातभार लावत होती. त्याच डोंगरात, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात सोडून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवल्या होत्या. पाण्याचे वजन आणि गाडीचे वजन एकाच उंचीवरून उतरत होते, आणि दोघांकडून वीज वसूल होत होती.

तरीही ब्रेकच्या ठोकळ्यांना निवृत्ती मिळाली नाही. विजेचा ब्रेक गाडी मंद उतरवू शकतो, पण उतारावर ती उभी धरून ठेवायला चाकावरचा ठोकळाच लागतो, कारण चाक थांबले की मोटार वीज करत नाही. आजच्या इंजिनांतही हेच आहे. खंडाळा, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी अशी घाटातली ठिकाणे एकेक करत गाड्या खाली येतात, आणि कॅच साइडिंगपाशी ड्रायव्हरला गाडी उभी करून दाखवावी लागते. ब्रेक कितीही आधुनिक असो, ती थांबेपर्यंत सांधा फाट्याकडेच असतो.